व्रणाचे माप : एक प्रस्तावना

लंडनहून निघणाऱ्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या नियतकालिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका पत्रलेखकाने पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि त्या वृत्तांतामुळे युरोपातील शल्यचिकित्सकांचे लक्ष हिंदुस्थानातील एका जुन्या विद्येकडे वेधले गेले. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापून टाकला, आणि पुढे सुमारे वर्षभराने विटा घडवणाऱ्या जातीतील एका इसमाने, ज्याचे नाव त्या पत्रात कोठेही आलेले नाही, त्याला कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. ही क्रिया मुंबई इलाख्याच्या नोकरीतील थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या दोघा डॉक्टरांनी समक्ष पाहिलेली होती. वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तीच क्रिया केली, आणि आधुनिक पुनर्रचना-शल्याचा इतिहास बहुधा तेथून सांगण्याचा प्रघात पडला.

या हकिकतीतील कपाळाच्या कातडीचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो; माझे लक्ष मात्र ती वाचताना दर वेळी त्याच्या आधीच्या पायरीवर खिळते. त्या कारागिराने प्रथम मेणाचा एक पातळ पत्रा घेतला, तो नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून नीटस नाकाचा आकार येईपर्यंत जुळवला, मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ ओढली, आणि त्या रेघेच्या आत जेवढी कातडी आली तेवढीच सोडवून, दोन डोळ्यांच्या मधली एक निरुंद पट्टी रक्ताच्या पुरवठ्यासाठी अखंड राखून, ती खाली वळवली. कडा सांधण्यासाठी त्याने पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर फासला, अशा पाच-सहा पट्ट्या एकीवर एक बसवल्या, चार दिवस त्यांना हात लावला नाही, पुढे तुपात भिजवलेली फडकी ठेवली, आणि डोळ्यांमधली ती कातडीची जोडपट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी तोडली. एका विशिष्ट माणसाच्या एका विशिष्ट जखमेचे माप घेणे, आणि त्या मापाबरहुकूम तिचे आच्छादन सिद्ध करणे, हा या साऱ्या खटाटोपाचा गाभा होता. प्रस्तुत ग्रंथाचा विषय, म्हणजे त्रिमितीय मुद्रणाच्या साहाय्याने होणारा व्रणोपचार, याच गाभ्याशी निगडित आहे असे माझे मत आहे, आणि ते सकारण मांडावे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

कारखान्यात वस्तू घडवण्याच्या दोन रीती दीर्घकाळ रूढ होत्या: ठोकळ्यातून नको तो भाग कोरून टाकणे, किंवा साचा करून त्यात द्रव ओतणे. अतिशय पातळ थर एकावर एक चढवीत वस्तू उभी करण्याची तिसरी रीत यंत्रयुगात आली ती विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात. जपानमधील नागोया येथे हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचे थर रचून घनाकृती घडवण्याची युक्ती १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी त्याच धर्तीच्या पद्धतीच्या एकस्वासाठी १९८४ मध्ये अर्ज गुदरला आणि १९८६ मध्ये ते त्यांना मिळाले. आणि त्या दशकाच्या अखेरीस स्कॉट क्रम्प यांनी वितळलेल्या प्लास्टिकचा धागा अंथरीत जाणारी जी पद्धत काढली, तिचीच सुटसुटीत यंत्रे आज आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत सर्रास दिसतात. या पद्धतींच्या यांत्रिक तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही. वैद्यकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अर्थशास्त्रीय आहे. साच्याचा सगळा खर्च पहिल्या नगावर पडतो आणि हजारो नग निघाले म्हणजे तो फिटतो, म्हणून साच्याच्या कारखान्याला सगळी माणसे एकाच घडणीची असलेली सोयीची वाटतात. मुद्रणयंत्राला साचाच लागत नसल्यामुळे दुसरा नग पहिल्याहून सर्वस्वी निराळा काढण्यास त्याला जवळजवळ काहीच जादा पडत नाही. माणसामाणसांत जेवढे अंतर असते त्याहून अधिक अंतर जखमाजखमांत असते, हे ज्याने एकदा तरी रुग्णालयातील मलमपट्टीच्या खोलीत सकाळ काढली आहे त्याला सांगावे लागणार नाही.

सुश्रुतसंहितेत पट्ट्या बांधण्याचे चौदा प्रकार सांगितलेले आहेत, आणि ते रोगावरून नव्हे तर अवयवांवरून वाटून दिलेले आहेत: बोटांच्या पेरांवर कोश, सांध्यांवर स्वस्तिक, हनुवटी-नाक-ओठांवर गोफणा, मस्तकावर वितान, आणि याप्रमाणे पुढे. शरीराचा प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक खळगा आपली निराळी मागणी करतो, हे त्या शास्त्रकारांनी पक्के ओळखलेले होते. आधुनिक काळात जंतुशास्त्राने जखमेच्या शुद्धीचे अपार कल्याण केले, कारखान्यांनी निर्जंतुक गॉज कोट्यवधी चौकोनांच्या रूपाने गावोगाव पोचवला, आणि त्याबद्दल कृतज्ञताच बाळगली पाहिजे. तथापि टाचेच्या वळणावर, कानाच्या पाळीमागे किंवा दोन बोटांच्या बेचक्यात तो चौकोन बसवताना परिचारिकेला कात्री हाती घ्यावी लागते, आणि माप पुन्हा तिच्याच नजरेवर येऊन ठरते.

ड्रेसिंग म्हणजे केवळ झाकण, ही समजूत १९६२ मध्ये ढासळली. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवरील उथळ जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याखाली ओलसर राखल्या, आणि झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने धरते असे दाखवून दिले. जखम वाळली म्हणजे बरी झाली, खपली धरली म्हणजे काम झाले, ही घरोघरची श्रद्धा त्या प्रयोगापुढे टिकण्यासारखी नव्हती. खपलीखालच्या कोरड्या भागात नव्या पेशींना खोलवर वाट काढीत सरकावे लागते. ओलाव्यात त्या सरळ पृष्ठभागावरून पुढे जातात. तेव्हापासून चांगल्या ड्रेसिंगकडून अपेक्षा वाढल्या: त्याने ओल राखावी पण जास्तीचा स्राव शोषावा, हवा खेळू द्यावी पण जंतूंना मज्जाव करावा, आणि काढताना नव्या त्वचेला ओरबाडू नये.

या शेवटच्या अपेक्षेच्या संदर्भात मुंबईच्या दोन रुग्णालयांतील काम मला मुद्दाम येथे नोंदवावेसे वाटते, कारण यंत्राच्या गोष्टी सांगताना अशा कामाचा विसर पडतो. परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या वापरून पाहिल्या. साली गॉजच्या पट्टीवर ओळीने बसवायच्या, पट्टी गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायची, आणि सालीची आतली बाजू जखमेकडे येईल अशी ती लावायची, एवढीच कृती. पण सालीखाली जखम ओलसर राहते आणि पट्टी चिकटत नाही, त्यामुळे ती सोडवताना मूल रडत नाही. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग केले, त्याची बटाट्याच्या सालीशी तुलना केली, आणि २००३ मध्ये ते निष्कर्ष भाजण्याच्या उपचारांना वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. केळीचे पान गुणात सालीच्या बरोबरीचे आणि करण्यास सोपे व स्वस्त ठरले. मुद्रित ड्रेसिंगची किंमत, त्याची वेदना आणि त्याची उपलब्धता यांचा हिशेब मांडताना आपण ते कोणत्या परदेशी, महागड्या वस्तूशी ताडून पाहतो यापेक्षा या केळीच्या पानाशी ताडून पाहतो की नाही, यावर आपल्या विचाराचा प्रामाणिकपणा अवलंबून राहील.

मुद्रित ड्रेसिंगचा एक नमुना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील औषधनिर्माणशास्त्राच्या विभागातून पुढे आला. तेथील संशोधकांनी माणसाच्या चेहऱ्याचे स्कॅन घेतले, त्यातून नाकाचा आणि कानाचा नेमका आकार वेगळा काढला, आणि चांदी, तांबे किंवा जस्त यांचे जंतुनाशक संयुग मिसळलेल्या, शरीराला मानवणाऱ्या प्लास्टिकमधून त्याच आकाराची ड्रेसिंगे २०१७ च्या सुमारास छापून दाखवली. अन्यत्र समुद्रशैवालापासून मिळणारे अल्जिनेट, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेले कायटोसान, जिलेटिन अशा पदार्थांच्या जेलमधून जाळीदार पट्ट्या काढतात. सोऱ्यातून शेव पडावी तसे ते जेल बारीक नळीतून धाग्याच्या रूपाने बाहेर येते, यंत्र ते आडवे-उभे अंथरीत जाते, आणि कॅल्शियमच्या द्रावणाने किंवा प्रकाशाने त्याला घट्टपणा येतो. जाळीच्या डोळ्यांचा आकार बदलला की स्राव शोषण्याची ताकद बदलते. औषध कडेला कमी आणि मध्ये जास्त ठेवता येते. हे सारे अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेत आहे, आणि ते तसे आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता ज्या भागाची वर्तमानपत्रांत सर्वांत अधिक चर्चा होते त्याकडे वळतो. हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स ऱ्हाइनवाल्ड यांनी १९७५ मध्ये मानवी त्वचेच्या वरच्या थरातील पेशी काचपात्रात वाढवण्याची रीत सिद्ध केली, आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील दोन लहान मुले, ज्यांची ९५ टक्क्यांहून अधिक त्वचा जळालेली होती, त्यांच्याच शरीराच्या उरलेल्या टिचभर त्वचेतून वाढवलेल्या पापुद्र्यांच्या आधाराने वाचवण्यात आली. ज्यांच्या अंगावर ग्राफ्ट काढून घेण्याइतकी निकोप जागाच उरलेली नसते अशा रुग्णांपुढे मृत्यूखेरीज दुसरी वाट नसते, ही परिस्थिती त्या दिवसापासून बदलली. पण ते पापुद्रे वाढण्यास काही आठवडे लागत, ते अतिशय नाजूक असत, आणि त्यांच्याखाली त्वचेचा खालचा जाड थर नसल्यामुळे ते सहज फोडासारखे सुटून येत. त्वचेचे मुद्रण हा याच अडचणीवर काढू पाहिलेला तोडगा आहे: दोन्ही थरांच्या पेशी जेलमध्ये मिसळून त्या आपापल्या पातळीवर यंत्राने अंथरावयाच्या. माद्रिदच्या कार्लोस तिसरा विद्यापीठाशी संबंधित गटाने २०१६ मध्ये १०० चौरस सेंटिमीटर त्वचा ३५ मिनिटांच्या आत छापल्याचे दाखवले. टोरांटो विद्यापीठात अॅक्सेल ग्युंथर यांच्या प्रयोगशाळेत हातात धरून थेट जखमेवर पट्टा ओढणारे, किलोभरापेक्षाही हलके उपकरण २०१८ मध्ये तयार झाले. नॉर्थ कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट संस्थेत अँथनी अटाला यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात यंत्र आधी जखमेचे स्कॅन करते, तिचा खोल-उथळ नकाशा तयार करते, आणि त्या नकाशाप्रमाणे प्राण्याच्या स्वतःच्याच पेशी जखमेत भरते. डुकरांच्या मोठ्या जखमा अशाने लवकर भरून आल्या. आपल्याकडे दिल्लीच्या आय. आय. टी. मध्ये सौरभ घोष यांच्या गटाने रेशमातील प्रथिन आणि जिलेटिन यांच्या मिश्रणातून पूर्ण जाडीच्या त्वचेचा नमुना मुद्रित केला आहे.

हे प्रयत्न खरोखर मोठे आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही वाचकाने ही पाने उलटताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यंत्र पेशी अंथरते मिनिटांत, पण त्या पेशी आधी वाढवाव्या लागतात आणि वाढीला लागणारा काळ यंत्राच्या हाती नाही. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून दूर असलेल्या पेशीला प्राणवायू पुरत नाही, म्हणून जाड थर छापला की त्याच्या पोटात रक्त कसे पोचवावे हा प्रश्न उभा राहतो. बारीक नळीतून दाबाने निघताना काही पेशी मरतात. नळी रुंद करावी तर रेघ जाड होते. आणि घामाच्या ग्रंथी, केसांची मुळे, स्पर्शाची जाणीव देणारे मज्जातंतूंचे शेवट, यांपैकी काहीही छापील त्वचेत आपोआप येत नाही. उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या माणसाच्या अर्ध्या अंगाला घाम फुटणे बंद झाले तर त्याची काय अवस्था होते, हे विदर्भातील डॉक्टरांना विचारावे. या अडचणी सुटेपर्यंत मोठ्या भाजण्यात जखम झाकण्यासाठी दिवंगतांनी दिलेल्या त्वचेचाच आधार आहे. शीवच्या त्याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढलेला त्वचेचा पातळ थर तेथे ग्लिसरॉलमध्ये थंड जागी ठेवून पाच वर्षांपर्यंत टिकवता येतो.

माझ्या मते या तंत्राचे आजचे खरे दान त्वचेत नाही. ते त्वचेबाहेरच्या, साध्या दिसणाऱ्या साधनांत आहे. चेहरा भाजून बरा होऊ लागलेला रुग्ण घ्या. जखम भरल्यावर व्रणाची कातडी जाड, लाल आणि आखडती होत जाते, पापणी खाली ओढली जाते, ओठाचा कोपरा वळतो. हे रोखण्यासाठी चेहऱ्यावर सतत समान दाब ठेवणारा पारदर्शक मुखवटा महिनोन्महिने वापरावा लागतो. तो करण्याची जुनी रीत म्हणजे ताज्या, हुळहुळ्या चेहऱ्यावर ओले प्लास्टर किंवा तसलाच लगदा थापून श्वासासाठी तेवढी वाट ठेवायची, तो सुकेपर्यंत रुग्णाने निश्चल राहायचे, आणि मुलांना त्यासाठी अनेकदा भूल द्यायची. स्कॅनर हेच माप अंगाला स्पर्श न करता थोड्या वेळात घेतो. संगणकावर जेथे दाब वाढवावयाचा तेथे पृष्ठ किंचित आत ढकलतात, आणि त्या आकृतीवरून मुखवटा किंवा त्याचा साचा छापतात. व्रण मऊ पडला की नवा मुखवटा, पुन्हा प्लास्टरशिवाय. येथे कोणतीही जैविक किमया नाही; एका भाजलेल्या मुलाची एक यातना कमी झाली आहे, आणि तेवढ्यावर मी या यंत्राला वैद्यकात जागा देण्यास तयार आहे.

पायाच्या व्रणाचा प्रश्न याहूनही व्यापक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्यांतील ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे त्यांच्या तळव्याला एक दिवस जखम होते ती त्यांना दुखत नाही म्हणूनच वाढते. हा धडा आपण मुळात कुष्ठरोगापासून शिकलो. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले तेव्हा कुष्ठरुग्णांची बोटे व तळवे रोगामुळे आपोआप सडतात अशी सर्वत्र समजूत होती. वेदनेचा पहारा उठल्यावर त्याच जागेवर पुन्हा पुन्हा पडणारा दाब हेच त्या व्रणांचे कारण आहे, हे त्यांनी चिकाटीने दाखवून दिले. मांसाला अगदी लगटून बसणारे प्लास्टर घातले की भार साऱ्या तळव्यावर वाटला जातो, आणि औषधाला वर्षानुवर्षे दाद न दिलेला व्रण भरून येतो. पुढे मऊ रबराची, ज्याला सगळे एमसीआर म्हणतात त्याची चप्पल आली, आणि दत्तपूर, आनंदवन यांसारख्या ठिकाणी व्रणांची शुश्रूषा ज्यांनी केली आहे त्यांना चप्पल हेच कसे औषध असते हे वेगळे सांगायला नको.

अशा चपलेचा आतला तळ आता छापता येतो. रुग्णाला दाबमापक पट्टीवरून चालवायचे. अंगठ्याच्या मुळाशी, टाचेवर, कोठे किती भार पडतो त्याचा नकाशा घ्यायचा. आणि लवचिक प्लास्टिकची जाळी अशी छापायची की जेथे भार अधिक तेथे ती विरळ आणि मऊ, आजूबाजूला घट्ट. एकाच तळात, एकाच पदार्थातून, जागोजागी निराळा मऊपणा आणणे कुशल चर्मकारालाही अवघड जाते, कारण त्याला निरनिराळ्या रबरांचे तुकडे जोडावे लागतात. मात्र चर्मकाराला हे यंत्र हुसकावून लावील असे मानण्याचे कारण नाही: पट्टा कोठे घ्यावा, घरात अनवाणी वावरणाऱ्या आजींना कोणती चप्पल घरातही घालावीशी वाटेल, हे त्यालाच कळते, आणि न घातलेली चप्पल कितीही शास्त्रशुद्ध असली तरी व्रण भरून काढीत नाही.

कायदा आणि जबाबदारी यांविषयी थोडेच लिहितो, कारण त्यास स्वतंत्र प्रकरण आहे. शरीराबाहेर वापरावयाच्या साधनांना वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. जिवंत पेशी असलेले काहीही नव्या औषधांच्या व चिकित्सकीय चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांकडे जाते, आणि तेथे परवान्याची व चाचणीची वाट लांब आहे, तशी ती असावीच. परंतु यंत्र स्वस्त झाल्यामुळे हौसेने काहीतरी छापून जखमेवर लावण्याचा मोह होतो, त्याबाबत एक तपशील पुरेसा आहे. साध्या यंत्रांत सर्रास वापरले जाणारे पी.एल.ए. प्लास्टिक ६० अंशांच्या सुमारास मऊ पडते, आणि ऑटोक्लेव्ह चालतो १२१ अंशांवर. शिवाय थरांमधल्या बारीक खाचांत जंतूंना उत्तम आसरा मिळतो. कोणत्या पदार्थाचे निर्जंतुकीकरण कोणत्या रीतीने होते याची खातरजमा झाल्याखेरीज छापलेली कोणतीही वस्तू उघड्या जखमेला लावू नये, आणि कोणाच्या मापाने, कोणत्या पदार्थातून, कोणत्या दिवशी ती काढली याचे दफ्तर रुग्णालयाने ठेवावे.

या सर्व विचारानेच ग्रंथाची मांडणी प्रचलित क्रमाहून वेगळी केली आहे. त्वचेच्या मुद्रणाची प्रकरणे शेवटी ठेवली आहेत. त्यांच्या आधी ड्रेसिंगे, त्यांच्याही आधी मुखवटे, आणि सर्वांत आधी पाऊल. जिल्हा रुग्णालयात स्कॅनर नसेल, दाबमापक पट्टी तर नसेलच, हे गृहीत धरून पहिल्या प्रकरणात कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतील जुनी रीत प्रथम दिली आहे: खाचांच्या रबरी चटईला शाई फासायची, तिच्यावर कागद पसरायचा, आणि रुग्णाला त्यावरून एक पाऊल टाकायला सांगायचे. ठसा जेथे सर्वांत काळा उमटतो, तेथे बोट ठेवून वाचकाने पुढे वाचावे.